रानाची हद्द आणि अण्णांची कवळी

ज्या गावाला पोचायला हुबळीहून निम्मा दिवसही लागत नाही, त्याचं प्रवासवर्णन लिहायचं हा आगाऊपणाच आहे. आमच्या मळमड्डीत लोक मुलाकडे अमेरिकेला जाऊन येतात आणि पुढं वर्षभर गल्लीला नायगारा पाजतात. मी आपली कलघटगीच्या पलीकडच्या जंगलात दोन दिवस म्हशींच्या शेजारी राहून आले. पण नायगारा पाहिलेली माणसं गल्लीत हवी तेवढी मिळतील, गवळीवाडा पाहिलेला एकही मिळणार नाही. म्हणून लिहिते.

जायचं कारण आमचे अण्णा. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, निवृत्त वकील. कोर्टातून निवृत्त झाले, बोलण्यातून नाही. त्या सुमाराला वनहक्काचा नवा कायदा नुकता लागू झाला होता आणि अण्णांना तो इतका आवडला होता की ते वाण्यालाही डाळ घेता घेता त्यातली कलमं समजावून सांगत. अशात एक दिवस ठकूबाई दारात उभ्या राहिल्या. ठकूबाई गवळ्यांच्या. पूर्वी हुबळीच्या केशवापुरात आमच्या मावशीकडे लोणी घालायच्या, तेव्हापासूनची ओळख. नऊवारी लुगडं, कोपरापर्यंत बांगड्या, आवाज असा की समोरच्या घरातलं कुत्रं उठून आत गेलं.

"वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "आमच्या माळाभवती जंगलखात्याची मानसं चर खणणार हायत. आत आकेशा लावणार. म्हशींनी काय आकेशा खायचा व्हय?"

आकेशा म्हणजे अकेशिया, ते परदेशी झाड, जे लावलं की खाली गवताचं पातंसुद्धा नीट येत नाही. अण्णांनी त्यांना बसवून कायदा समजावला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांना आता राहायचा, गुरं चारायचा आणि जंगल राखायचाही हक्क मागता येतो. त्यासाठी वाड्याची, म्हणजे वस्तीची, सभा बसायला हवी आणि सभेनं ठराव करायला हवा.

"मग सभेला तुमीच या," ठकूबाई म्हणाल्या. "वाड्यात दोन तट पडल्यात. माझा दीरच उलटलाय."

अण्णा 'नको' म्हणण्याची शक्यता नव्हतीच. वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही सोबत जा. हे भाषण करताना जेवायचं विसरतात." मी शाळेतून निवृत्त झालेली, घरी अडणारं कुणी नाही. गेले.

ओढ्यावरचा वाडा

अण्णांची जुनी गाडी, चालवायला त्यांचा बसू. बसू अण्णांचा कित्येक वर्षांचा ड्रायव्हर आणि अण्णांच्या बोलण्याला 'हौद्री, हौद्री', म्हणजे 'होय जी', म्हणत झोप आवरण्यात पटाईत. कलघटगी मागं पडली तशी कपाशी आणि मका संपला आणि साग सुरू झाला. डांबर संपलं, मग खडी संपली, मग रस्ता आहे असं फक्त बसू म्हणत होता.

वाड्याचं सरकारी नाव कन्नड आहे. राहणारे त्याला नुसतं 'ओढ्यावरचा वाडा' म्हणतात. कुडाच्या भिंतींची घरं, शेणानं सारवलेली अंगणं. घरांपेक्षा गोठे मोठे. आमच्याकडे बिल्डर 'पार्किंगसह दोन खोल्या' म्हणून जाहिरात करतात. इथं पार्किंगलाच चिकटून माणसाची एक खोली होती. तक्रार कुणाचीच दिसली नाही, म्हशींचीही नाही.

गवळी मराठी बोलतात. त्यांचे पूर्वज सातारा-कोल्हापूरकडून म्हशी हाकत, चारा शोधत इकडं उतरले. केव्हा, ते कुणाला सांगता येत नाही. म्हशींना वाट ठाऊक होती आणि माणसं मागनं आली, असं सांगतात. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. तरी पहिला तासभर मला निम्मंच कळत होतं, कारण ते बोलताना मराठीत मधेच कन्नड घालतात. मग लक्षात आलं, मळमड्डीत आम्हीही तेच करतो. फक्त आम्ही चुकीच्या ठिकाणी घालतो.

जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाची आमटी आणि लोणी. लोणी वाढायची पद्धत अशी की वाढणारी पानावर गोळा ठेवते, तुम्ही 'पुरे' म्हणता, ती दुसरा ठेवते. 'पुरे' हा शब्द त्यांच्याकडे बहुधा 'अजून' या अर्थानं वापरत असावेत. एका म्हशीला नुकतंच रेडकू झालं होतं, त्यामुळं खरवसही होता. डॉक्टरांनी अण्णांना लोणी, तूप, गोड असं सगळं बंद केलेलं आहे. "जंगलात वेगळा कायदा," असं म्हणून त्यांनी सगळ्याचा समाचार घेतला.

दुपारी ठकूबाईंनी आम्हाला रान दाखवलं. वाड्यासमोर मोठा मोकळा माळ, कमरेएवढं गवत. माळाच्या कडेनं ओढा. ओढ्यापलीकडं राई, म्हणजे देवाचं राखलेलं जंगल. तिथं कुऱ्हाड नेत नाहीत आणि म्हशीही सोडत नाहीत, कारण ओढ्याचा झरा त्याच राईत आहे. माळावरही कुठल्या बाजूला केव्हा चारायचं हे सगळे मिळून ठरवतात. एक बाजू मोकळी, एक बाजू विश्रांतीला.

"आणि कुणी ऐकलं नाही तर?" मी विचारलं.

"तर त्येच्या घरी कुणी ताक न्हाई प्यायचं. सण आला तरी."

मला मळमड्डी आठवली. आमच्या शेजारच्या दोन घरांचा नारळाच्या झावळ्या कुणाच्या अंगणात पडतात यावरून कितीतरी वर्षं दावा चालला आहे. न्यायाधीश बदलले, वकील बदलले, नारळ वाळून गेला. तरीही दोन्ही घरं चतुर्थीला एकमेकांकडं फराळाचं ताट पाठवतात. ताट बंद केलं असतं तर नारळ वाचला असता.

परतताना ठकूबाईंचे दीर, बमू, भेटले. चाळिशीचा माणूस, अंगात शर्ट-पँट, हातात मोबाइल, ज्याला त्या रानात एका खडकावर चढल्याशिवाय आवाज येत नसे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माळाच्या कडेनं पूर्वी थोडी नाचणी पेरायचे, त्या आधारानं प्रत्येकानं आपापल्या तुकड्याचा वेगळा दावा करावा. खालच्या गावातला एक व्यापारी आल्याच्या लागवडीसाठी जमीन घ्यायला तयार होता.

"वैनी म्हनते रान राखू," बमू मला म्हणाले. "राखू की. पन राखून राखून माझ्या पोरीनं बी म्हशीच्याच मागं जायचं का? अक्का, तुमी मास्तरीन होता. तुमीच सांगा."

ठकूबाई पुढं होऊन वाड्याकडं चालू लागल्या. त्यांना हा प्रश्न पहिल्यांदा ऐकू आलेला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

कवळी

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा. अण्णांनी भाषण कन्नडमध्ये तयार केलं होतं, मराठीत तयार केलं होतं आणि ऐन वेळी लागलं तर असावं म्हणून मधूनमधून संस्कृतही पेरलं होतं. पहाटे पाऊस पडून गेला होता, दसरा झाल्यावर जाता जाता पडतो तो. हवा छान होती. अण्णा तोंड धुवायला ओढ्यावर गेले. त्यांनी कवळी काढली, विसळली, एका सपाट दगडावर ठेवली आणि चूळ भरत भाषणाची सुरुवात म्हणू लागले.

एवढ्यात गोठ्यातून निसटलेली एक म्हैस पाण्यावर आली. ती कुणाचंही भाषण ऐकायला थांबणाऱ्यांतली नव्हती. तिनं दगडावर पाय दिला, दगड कलंडला आणि कवळी डोहात गेली.

मी अण्णांची आरोळी ऐकून धावले. "फापडली का?" असं ते विचारत होते. बसू पँट वर करून डोहात उतरला. वाड्यातली माणसं जमली. सगळ्यांनी पाणी ढवळलं. त्यामुळं जे दिसण्याची थोडी आशा होती तीही गेली. एका आजीबाईंनी विचारलं, काय पडलंय? कुणीतरी सांगितलं, साहेबांचे दात. त्या म्हणाल्या, "अगं बाई! म्हशीनं एवढ्या जोरात मारलं?" मग त्या अण्णांना हळद लावायला निघाल्या.

कवळी मिळाली नाही. ती अजूनही त्या डोहात मासोळ्यांना हसत असेल.

अण्णांनी तरीही उभं राहून पाहिलं. वाड्याच्या मधल्या मोकळ्या जागेत सगळे बसले होते, बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. वनखात्याचे रेंजर खुर्चीवर होते. तरुण कानडी माणूस, घामानं भिजलेला. अण्णा म्हणाले, "फामूहिक हक्क म्हणजे..." आणि बाया लुगड्याचे पदर तोंडात कोंबून गदागदा हलू लागल्या. रेंजरनी टोपी काढून तीत तोंड घातलं. अण्णांनी पुन्हा प्रयत्न केला. "फभेनं..." या शब्दावर सभेची शिस्त संपली.

अण्णा खाली बसले. लहानपणापासून मी त्यांच्या शेजारी बसते आहे, पण ते गप्प बसलेले मी प्रथमच पाहत होते. मला हसू येत होतं आणि त्यांचा हात धरावासाही वाटत होता. मी आधी हसले, मग धरला.

माळावर

मग ठकूबाई उठल्या. "साहेब काय सांगनार ते आमाला काल सांगितलंय," त्या म्हणाल्या. "आता आमचं आमी बघू. बमू, तुला तुकडा पायजे न्हवं?"

"पायजे," बमू म्हणाले.

"आनि कुनाकुनाला पायजे?"

बरेच हात वर झाले. मला वाटलं होतं त्याहून बरेच. दोन हात बायकांचेही होते. ठकूबाईंचा चेहरा क्षणभर उतरला.

"बरं. मग कागदावर कशाला? माळावर चला. ज्येला ज्यो तुकडा पायजे त्येनं त्यो धरून हुबं ऱ्हावा. बगू तरी कसं दिसतंय."

सगळी सभा उठून माळावर गेली. रेंजरही खुर्ची सोडून आले. जाताना वळणावर पहिल्यांदा दिसला तो जेसीबी. रस्त्याच्या कडेला पिवळाधमक उभा. चर खणायचं कंत्राट घेतलेल्या माणसानं घाईनं आधीच धाडून दिला होता. त्याचा ड्रायव्हर सावलीत बसून वाड्यातूनच आलेलं ताक पीत होता.

माळावर गंमत सुरू झाली. ज्यांनी हात वर केले होते ते आपापली जागा धरायला धावले. चांगली जागा म्हणजे ओढ्याजवळची, त्यामुळं सगळे ओढ्याकडेच. दोघे सख्खे भाऊ एकाच झुडपावरून भांडू लागले. एक जण म्हणाला, माझा तुकडा इथून तिथपर्यंत. 'तिथपर्यंत' जिथं होतं तिथं त्याचे सासरे उभे होते. बमूंनी ओढ्याच्या उताराची सर्वांत उत्तम जागा धरली होती आणि हात पसरून उभे होते. ओढ्याच्या काठानं या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांचं कुंपण तयार झालं.

"आता असंच ऱ्हावा," ठकूबाई म्हणाल्या आणि वाड्याकडं तोंड करून त्यांनी एक हाळी दिली.

मागं राहिलेल्या पोरांनी गोठ्यांची दारं उघडली. सकाळच्या सभेमुळं म्हशी तोवर कोंडून ठेवलेल्या, तहानलेल्या. त्या माळावर आल्या आणि रोजच्या वाटेनं थेट पाण्याकडं निघाल्या. पाहणाऱ्याला त्या संथ वाटतात. समोरून येत असल्या की संथ वाटत नाहीत. मी बसूच्या मागं लपले. बसू माझ्या मागं लपायच्या प्रयत्नात होता.

कुंपणातली माणसं 'हो हो' करत हात हलवू लागली. म्हशी थांबल्या. पुढच्या थांबल्या, मागच्या दाटल्या, रेडकं मधे चेंगरून ओरडायला लागली. कुणाला कळेना, आपल्याच म्हशीला आपल्याच पाण्यावर जाऊ द्यायचं की नाही. दिलं तर शेजाऱ्याच्याही घुसतील. शेजाऱ्याच्या अडवाव्या तर आपल्या कुठून न्यायच्या? बमूंच्या समोर त्यांची स्वतःची म्हैस उभी होती, काळीभोर, वाकड्या शिंगाची. ती त्यांच्याकडं बघत होती आणि ते तिच्याकडं. मग तिनं मान खाली घातली, त्यांच्या छातीला कपाळ लावलं आणि हळूच, अगदी घरच्या माणसाला बाजूला करावं तसं, त्यांना ढकलत ढकलत ओढ्यात नेलं.

बमू गुडघाभर पाण्यात बसले. म्हैस शेजारी पाणी पिऊ लागली.

सगळा माळ हसला. सर्वांत मोठ्यानं बमूंची मुलगी हसली. शाळेच्या गणवेशातच ती सभेला आली होती. बमूही हसले, पण मग उठून भिजल्या कपड्यांनी ठकूबाईंसमोर येऊन उभे राहिले.

"वैनी, हसलो म्हंजी हरलो न्हाई," ते म्हणाले. "माळ तोडायचा न्हाई, कळलं. पन माझ्या पोरीचं काय, त्ये सांग."

आता कुणी हसलं नाही.

"मला ठावं न्हाई," ठकूबाई म्हणाल्या. "पन तिला हास्टेलात घाल. तुझ्या म्हशी मी राखते. मी गेल्यावर माझी सून राखंल. पोरगी शिकून परत आली तर रान हितं असू दे, एवढंच माझं म्हननं."

"आनि न्हाई आली तर?"

"न्हाई आली तर म्हशींना असू दे."

बमूंनी भिजलेली पँट पिळली. "लिवा ठराव," ते म्हणाले. "घरं आनि परडी ज्येची त्येची. माळ, वढा, राई सगळ्यांची. लिवनार मी. बाकी कुनाचं अक्षर वाचता येत न्हाई."

हात वर झाले. या वेळी दोघा भावांनी एकमेकांचेही वर केले.

राई

रेंजरांना पंचनामा करायचा होता. गवळी आदिवासींच्या सरकारी यादीत नाहीत, त्यामुळं त्यांना तीन पिढ्यांचा पुरावा लागतो. रेंजरनी मोडक्या मराठीत विचारलं, "वाड्यात माणसं किती?"

"जित्ती का सगळी?" ठकूबाईंनी विचारलं.

रेंजर गोंधळले. त्यांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी नुसतीच मान हलवली. त्या दिवशी ते मान हलवण्यात तरबेज झाले होते.

ठकूबाईंनी चप्पल काढून आम्हाला राईत नेलं. आत थंडावा होता आणि झऱ्याचा बारीक आवाज. एका मोठ्या झाडाखाली दगड मांडलेले होते, साधे, न घडवलेले, शेवाळलेले. गेलेल्या प्रत्येक माणसाचा एक. ठकूबाई एकेका दगडाला हात लावून सांगू लागल्या. ही सासू. हा सासऱ्याचा बाप, त्याला वाघरानं धरला होता. ही कोन ते मला ठावं न्हाई, पन सासूला ठावं हुतं. मागं मागं जावं तसे दगड मातीत बुडत गेले होते, आणि सर्वांत मागचा तर झाडाच्या मुळीनं निम्मा गिळला होता.

रेंजर त्या दगडाशी वाकून उभे राहिले. झाड किती जुनं, मुळी किती जुनी, हे त्यांना माझ्याहून नक्कीच जास्त कळत होतं. त्यांनीही मग चप्पल काढली, म्हणजे बूट. ओली माती, चिखल झालेले मोजे. "साकू," ते कन्नडमध्ये स्वतःशीच म्हणाले. पुरे. मग मराठीत म्हणाले, "मी लिहितो. वर काय करतील माहीत नाही. पण निकाल होईपर्यंत इथं चर नाही."

सासूच्या दगडाशेजारी थोडी मोकळी जागा होती. ठकूबाईंनी तिथला पाचोळा पायानं सारला.

"ही माझी," त्या मला म्हणाल्या. "वैयक्तिक दावा म्हनाल तर एवढाच. आनि बमूला तिकडं लांब द्या म्हनावं. मेल्यावर तरी कटकट नगो."

परत

दुपारी निघालो. गाडी सुरू झाली, थोडी पुढं गेली आणि वळणावर चिखलात रुतली. बसूनं जोर लावला तशी चाकं आणखी खाली गेली. वाडा धावून आला. पोरं, बाया, बमू, सगळ्यांनी ढकललं. गाडी नुसती चिखल उडवत राहिली आणि ढकलणारे सगळे एका रंगाचे झाले. कुणीतरी म्हशी जुंपायची सूचना केली. अण्णांनी जोरात मान हलवली.

तेवढ्यात जेसीबीवाला इंजिन सुरू करून आला. रेंजरनी त्याला परत जायला सांगितलं होतं, तो चाललाच होता. त्यानं उतरून पाहिलं, साखळी लावली आणि ती पिवळी सोंड वळवून आमची गाडी अलगद वर ओढून घेतली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी खाली उतरून त्याला नमस्कार केला.

दावा सध्या तालुक्याच्या कचेरीत आहे. अण्णा नव्या कवळीसह तिथं खेटे घालतात आणि साहेबांना कलमं ऐकवतात. साहेब कंटाळून तरी सही करतील असा वहिनींचा होरा आहे. बमूंची मुलगी कलघटगीच्या वसतिगृहात राहते. माळावर म्हशी चरतात. पुढं काय होईल, ते मलाही ठाऊक नाही.

पण त्या दुपारी ठकूबाई जेसीबीवाल्यापाशी गेल्या आणि त्याच्या हातात पानात बांधलेला लोण्याचा गोळा ठेवला. तो कानडी, त्यांनी कन्नडमध्येच विचारलं, "बाबा, कुठून आलास?"

"गदगहून."

"एवढ्या लांबनं?" त्यांनी त्याच्या यंत्राकडं पाहिलं, आमच्या चिखलानं माखलेल्या गाडीकडं पाहिलं, आणि समजूत घालावी तशा म्हणाल्या, "असू दे. फुकट नाही आलास. एक तरी काम झालं."